रांगेतला चमचा

त्याला सासरचं भारी कौतुक. लोकांना सासुरवाडीचा कंटाळा येतो, हा मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बायकोच्या मागं लागायचा, "आज तुझ्या आईकडे जायचं ना?" बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या नाकांवर फ्रेमा चढवून उतरवून ती थकायची आणि सुट्टीला तिला नुसतं पाय पसरून पडावंसं वाटायचं. "तुझं लग्न माझ्याशी झालंय की आईशी?" असं ती विचारायची, आणि तो हसत चपला घालायचा.

कारण साधंच होतं. तो बालगृहात वाढला होता. लांबलचक खोली, ओळीनं खाटा, ओळीनं ताटं, खुंट्यांवर ओळीनं टांगलेले टॉवेल. तिथं वाईट वागवलं असं तो कधी म्हणाला नाही. पोटाला मिळालं, अंगाला मिळालं, शाळा झाली, पुढं एका उस्तादाच्या हाताखाली लिफ्ट दुरुस्त करायचं कामही शिकला आणि त्यात नाव काढलं. पण घर आतून कसं चालतं, हे त्यानं लग्नानंतरच पाहिलं. सासूबाई चादरीची घडी घालताना एक टोक त्याच्या हातात द्यायच्या, दोघं समोरासमोर उभे राहून चादर ताणायचे, आणि त्याला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीलाही दोन माणसं लागतात की. दूध उतू जायच्या आत सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसून कळायचं. कापडावरचा कुठला डाग कशानं जातो, पोराच्या कानात पाणी गेलं तर त्याला कुठल्या कुशीवर निजवायचं, सगळं त्यांना ठाऊक.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, आई?"

"शिकवायचंय काय त्यात, जावईबापू? आमच्याकडे असंच करतात."

या 'आमच्याकडे'पुढं तो मान तुकवायचा. बायको चिडली की तीही तेच म्हणायची, "आमच्याकडे नाही बाई असं." वाद तिथंच संपायचा, कारण याच्यापाशी परत मारायला 'आमच्याकडे' नव्हतंच. शिवाय सासूबाईंच्या आईनं दवाखान्याची पायरी न चढता सात पोरं वाढवली होती. हे त्या घरातलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं आणि ते वरचेवर वाचलं जायचं.

त्याची मुलगी नुकतीच धरून धरून चालायला लागली होती. लाकडी बाहुलीसारखी ताठ बसते म्हणून आजोबांनी तिला ठकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

एका शनिवारी दुपारी ठकीचं पोट बिघडलं. आधी दोघांनी मनावर घेतलं नाही. दात येत होते, दिसेल ते तोंडात जात होतं. आदल्या दिवशी त्याच्या हत्यारांच्या पिशवीचा पट्टा चघळून झाला होता. पण दिवस कलेपर्यंत लंगोट बदलता बदलता बायकोच्या नाकी नऊ आले. पडत होतं ते नुसतं पाणी. दोघं तिला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी पोट दाबून पाहिलं, कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली.

"हिला औषध फारसं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायचं, एवढंच. या पुड्या घ्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि पाजत राहा. अंगावरचं दूध चालू ठेवा, खाणंही बंद करू नका. उद्या माझा दवाखाना बंद असतो. पोर मलूल झाली, पाणी घेईनाशी झाली, तर तडक मोठ्या इस्पितळात न्या."

घरी येऊन त्यानं पुडीवर लिहिलं होतं तसं मोजून पाणी कालवलं. ठकी तहानलेली होतीच. भांडं ओठाला लागताच तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि घटाघटा प्यायली.

"बघ, कशी पितेय," तो म्हणाला. एवढं बोलेपर्यंत सगळं पाणी उलटून त्याच्या सदऱ्यावर आलं. त्यानं पुन्हा भांडं भरून पाजलं. पुन्हा तेच.

बायको घाबरली आणि तिनं आईला फोन लावला.

"आधी ते पाणी बंद कर," पलीकडून आवाज आला. "वरून ओतत राहिलीस तर खालून वाहणारच. पोट कोरडं पडू दे जरा. दूधही नको. मी सकाळी येते."

तो पुडी हातात धरून उभा होता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं अजून कानात होतं. पण डॉक्टरीणबाई एकट्या होत्या. सासूबाईंच्या मागं त्यांची आई उभी होती, आजी उभी होती, अख्खं घर उभं होतं. त्याच्या मागं कोण होतं? त्यानं पुडी फळीवर ठेवून दिली.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. मागोमाग सासरेही स्कूटरची किल्ली बोटात फिरवत आले. ते निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवल्यामुळं की काय, स्वतः फारसं बोलत नसत. सासूबाईंनी आल्या आल्या पदर खोचला. सोबत आणलेलं जाडं कापड तव्यावर शेकून पोरीच्या पोटावर ठेवलं, भाजून आणलेल्या कोरड्या पिठाची चिमूट तिच्या जिभेवर टेकवली. सगळं इतक्या हळुवार हातानं, की पाहणाऱ्याला वाटावं, यानं बरं वाटलं नाही तर कशानं वाटणार? पीठ जिभेवर तसंच बसलं. ते भिजायला तोंडात ओल नव्हती.

ठकी रडत होती. किरकिर करत होती, हात झटकत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि काहीतरी चुकतंय हे त्याच्या ध्यानात आलं, पण काय ते कळेना. लिफ्ट चालताना एखादा नेहमीचा आवाज येईनासा झाला की त्याला असंच व्हायचं. मग कळलं. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे खोल गेले होते, ओठ कागदासारखे झाले होते, आणि गाल कोरडे.

तो गॅलरीत गेला आणि इस्पितळात फोन लावला. पाळीवरच्या नर्सनं नीट विचारून घेतलं. शुद्धीवर आहे का, रडतेय का, पाणी दिलं तर घेते का.

"घेते, पण ओकते," तो म्हणाला.

"घेते ना? मग पाजत राहा. ओकली तर थोडं थांबायचं आणि सावकाश पाजायचं. अगदी सावकाश. गळून पडली, घेईना झाली, तर मात्र लगेच आणा."

आत येऊन त्यानं ते सांगितलं. सासूबाईंनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं," त्या म्हणाल्या. "तिनं पोर पाहिलीय का? काल पाजलंत, काय झालं? आमच्याकडे असल्या वेळी पाण्याचा थेंब देत नाहीत. माझ्या आईनं सात वाढवली."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मांडीवरच्या पोरीकडे पाहत बसली. सासरे दारातून म्हणाले, "स्कूटर खाली आहे." बस, तेवढंच.

सासूबाईंनी फडकं ओलं करून पिळलं आणि नातीचं तोंड पुसायला घेतलं. कपाळ पुसलं, गाल पुसले. फडकं ओठांवरून फिरलं, आणि ठकीनं त्याचं टोक तोंडात धरलं. धरलं ते सोडेना. डोळे मिटून ती ते फडकं चोखायला लागली. चोखण्याचा बारीक आवाज खोलीभर ऐकू येत होता. सासूबाईंचा हात जागच्या जागी राहिला. फडकं सोडवून घ्यायचं म्हटलं तर घेता आलं असतं, पण तो हात हलेना.

त्या आवाजानं त्याच्या डोक्यात काहीतरी उघडलं.

खाटा आठवल्या. बालगृहात एका उन्हाळ्यात पोटाची साथ आली होती आणि सगळी मोठी खोली आडवी झाली होती. तो तेव्हा असेल सहा-सात वर्षांचा. स्वयंपाकाच्या बाई एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात चमचा घेऊन रांगेनं यायच्या. एकेकाच्या तोंडात एक चमचा. मग पुढची खाट. याची खाट शेवटची, दाराजवळची. जीभ टाळूला चिकटलेली असायची आणि तो मान वळवून बाईंची वाट पाहायचा. त्या पोचायच्या, एक चमचा द्यायच्या. खारट-गोडसर, आसवांच्या चवीचं पाणी. आणि त्या पुन्हा पहिल्या खाटेकडे निघून जायच्या. एवढ्या पोरांत एकच चमचा. आपल्याला एक वाटी भरून प्यायला कुणी देत नाही, कारण आपलं स्वतःचं असं कुणी नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ते दुःख त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

पण त्या रांगेतलं एकही पोर ओकलं नव्हतं. आणि सगळी उठून पुन्हा भिंतींवर चढायला लागली होती.

"अगदी सावकाश," नर्स म्हणाली होती. काल त्यानं भांडंच्या भांडं ओतलं होतं.

तो उठला, फळीवरची नवी पुडी काढली, पाणी कालवलं, लहान वाडग्यात थोडं ओतून घेतलं आणि चमचा घेऊन पोरीसमोर मांडी घालून बसला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"आई," तो म्हणाला, "आमच्याकडे चमच्यानं पाजतात."

बायकोनं झटकन मान वर केली. "आमच्याकडे म्हणजे?"

"बालगृहात. रांगेनं. एकेक चमचा द्यायचा आणि पुढं जायचं."

त्याच्या तोंडून तो शब्द निघाला होता आणि त्यालाच त्याचं नवल वाटत होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नातीच्या तोंडातल्या फडक्याकडे. आणि त्यांनी ते टोक हळूच सोडवून घेतलं.

त्यानं पहिला चमचा दिला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. उरलेलं गेलं. ठकीनं ओठ चाटले आणि लगेच तोंड उघडलं, आणखी हवं म्हणून. सगळ्यात कठीण तेच होतं. पोर तहानेनं आ करून बसलीय, हातात पाणी आहे, आणि द्यायचं नाही. किती थांबायचं? बाई किती थांबायच्या? रांग संपेपर्यंत. मग त्यानं तीच रांग धरली. मनातल्या मनात बाईंच्या मागून चालायला लागला. पहिल्या खाटेवर फावड्या, त्याचे पुढचे दात केवढे मोठे. मग मास्तर, जो झोपेत पाढे म्हणायचा. मग जुळे, उजवा आणि डावा. मग पिपाणी. मग कुलूप, जो कुणाशीच बोलायचा नाही. मग टोपी. प्रत्येकापाशी तो मनातच वाकला, प्रत्येकाच्या तोंडाशी चमचा नेला, आणि दाराजवळच्या खाटेशी पोचला तेव्हा ठकीला दुसरा चमचा दिला.

इतक्या वर्षांत ही पोरं त्याला एकदाही ओळीनं आठवली नव्हती. आता एकही खाट रिकामी दिसेना.

"काय पुटपुटतोयस?" बायकोनं विचारलं.

"मुलं मोजतोय. म्हणजे, वेळ मोजतोय."

"कुठली मुलं?"

त्यानं सांगितलं. फावड्यापासून टोपीपर्यंत. पुढच्या फेरीला ती हळूच त्याच्याबरोबर म्हणायला लागली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो अडखळला तर तीच म्हणाली, "पिपाणी राहिली." आणि तो वेळ सुसह्य झाला. पोर ओकली नाही. त्यांनी रांग पुन्हा धरली. मधेच एकदा तिला उमासा आला तेव्हा सगळ्यांच्या जिवाचं पाणी झालं. त्यानं वाडगा खाली ठेवला, दोन रांगा नुसत्याच मोजल्या, आणि पुन्हा चमचा उचलला.

"शेवटच्या खाटेवर कोण?" बायकोनं विचारलं.

"मी."

"तुला काय म्हणायचे?"

तो जरा लाजला. "शेंडेफळ. बाई म्हणायच्या. रांगेत शेवटचा म्हणून. वाडग्यातला तळाचा चमचा माझाच असायचा. हा शब्द घरातल्या धाकट्या पोराला म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं, तुझ्या आईनं तुझ्या भावाला म्हटलं तेव्हा."

बायकोनं दूध पाजायला पोरीला जवळ घेतलं आणि आईनं तिला अडवलं नाही.

दुपार चढली. त्याचा हात भरून आला होता. सासूबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "आणा इकडे." त्यानं चमचा दिला. आणि मग त्यानं जे पाहिलं ते तो नंतर कितीदा तरी सांगायचा. त्याचा निम्मा चमचा सांडत होता. सासूबाईंचा एक थेंब सांडेना. त्या चमच्याची कड गालाच्या आतल्या बाजूला टेकवायच्या, बोटानं हनुवटीखाली किंचित चोळायच्या, आणि पाणी आपसूक उतरायचं. हात असा, की जणू पोरीच्याच अंगाचा भाग. हे कुठं शिकलात, असं विचारायचं त्याच्या ओठावर आलं, पण त्यानं विचारलं नाही. पाणी द्यायचं की नाही याबद्दल ते घर चुकलं असेल. कसं द्यायचं हे त्या हातांना कुणी सांगायची गरज नव्हती.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहीनात. "फावड्या, मास्तर, डावा, उजवा, बासरी..."

"पिपाणी," दारातून सासरे म्हणाले. ते इतका वेळ ऐकत होते हे तेव्हा कळलं. "आणि आधी उजवा. पत्ता चुकवू नकोस."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा दिला, थांबल्या. मग वाडग्यात पाहत म्हणाल्या, "आम्ही नऊ होतो."

बायकोला वाटलं, रांगेचंच बोलताहेत. "नऊ कुठं, आई? सात झाले."

"आम्ही भावंडं. नऊ होतो. आई सात सांगायची, म्हणून आम्हीही सातच सांगतो." त्यांनी नातीचं तोंड पुसलं. "धाकटी पाणी मागायची. आईनं दिलं नाही. तिच्या आईनं तिला तसंच सांगितलं होतं. आई माठापाशी बसून राहिली होती, कुणी चोरून देऊ नये म्हणून." आणि मग एकदम करड्या आवाजात, "मोज की गं पुढं. कुणाशी आलो होतो आपण?"

"कुलुपाशी," बायको म्हणाली.

तो त्या दोघींकडे पाहत बसला. माणसं आपल्या पोरांवर जीव ओवाळून टाकतात आणि त्याच जिवानं पाण्याच्या माठावर पहारा देतात. पिढ्यान्‌पिढ्या, हातातून हातात. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. त्याला कुणाचा राग आला नाही. उलट, एवढ्या मोठ्या ओघाला या बाईनं आज, या सतरंजीवर बसून, एका चमच्यानं वळण दिलं, याचंच त्याला अप्रूप वाटत राहिलं.

उन्हं खिडकीतून आत आली, जमिनीवरून सरकत भिंतीवर चढली. वाडगा कितीदा भरला कुणास ठाऊक. मधूनमधून लंगोट बदलावे लागत होते. जुलाब थांबले नव्हते आणि प्रत्येक वेळी बायको आईकडे पाहायची. पण सासूबाई आता पोरीचं तोंड बघत होत्या, लंगोट नव्हे. "वाहतंय तेवढं वाहू दे," त्या म्हणाल्या. "भरतंय त्याहून जास्त." आणि खरंच, काहीतरी भरत होतं. डोळ्यांखालच्या खळग्या हळूहळू वर येत होत्या. ओठांना रंग येत होता. कुंडीतलं मान टाकलेलं रोप पाणी घातल्यावर उभं राहतं, पण ते उभं राहताना कुणी पाहिलेलं नसतं. पाठ वळली की ते उभं राहतं. इथं चौघंजण डोळ्यांत तेल घालून बसले होते आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होतं. साधं पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर. लिफ्टच्या विहिरीत त्यानं मोठमोठी वजनं वर जाताना पाहिली होती, दोरांचा आणि मोटरचा सगळा हिशेब त्याला कळायचा. हा हिशेब त्याला कळला नाही. कळायला हवा असंही वाटलं नाही.

मग सासूबाईंनी एक चमचा द्यायला थोडा जास्तच उशीर केला आणि ठकी चिडली. तिनं भोकाड पसरलं. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला, गालावरून घरंगळला आणि कानापाशी थांबला.

"ए," बायको हळूच म्हणाली, "बघ."

सगळे वाकून पाहायला लागले. दुसरा आला. मग तर धारच लागली. एवढी मोठी चार माणसं एका पोरीला रडताना पाहून हसत होती, आणि ती पोर, आपलं दुःख कुणाला कळतच नाही, अशा रागानं आणखी जोरात रडत होती. सासऱ्यांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली, चष्मा काढला आणि पुसला. तेवढ्यात सासूबाई दचकून म्हणाल्या, "अगं बाई." त्यांचं लुगडं मांडीवर भिजलं होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. ओल्या जागेवर हात ठेवून, पोरीला तशीच धरून बसल्या. "नुसतं मूतच आहे हो," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, बक्षीस मिळाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, छान, असंच चालू ठेवा. पोट पुरतं ताळ्यावर यायला आणखी काही दिवस गेले, पण ठकीनं तोवर पुन्हा त्याच्या पिशवीच्या पट्ट्यावर हल्ला चढवला होता.

पुढं एकदा सासूबाईंनीच विषय काढला. "त्या बाई आहेत का हो अजून?"

त्याला माहीत नव्हतं. बालगृह सोडल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता.

"मग जाऊन बघायला नको?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी ठकीला घेऊन तिघं गेले. सासूबाई होत्याच.

बाई होत्या. मागच्या अंगणाला लागून एक खोली त्यांना दिली होती. हात थरथरायचे, डोळ्यांना अंधुक दिसायचं. त्यानं आपलं नाव सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही. इतकी पोरं हातावरून गेलेली. त्यानं शेंडेफळ म्हणून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दाराजवळच्या खाटेवर जो असेल त्याला मी शेंडेफळच म्हणायचे, बाळा." त्याला वाईट वाटेल असं बायकोला वाटलं, पण तो हसला.

मग त्यानं साथीचं सांगितलं, रांगेचं सांगितलं. "चमचा एकच होता, त्यामुळं आम्हाला फार वाट पाहायला लागायची," तो म्हणाला.

"एकच कशानं?" बाई म्हणाल्या. "चमच्यांचा ढीग होता स्वयंपाकघरात. प्रत्येकाला उकळत्या पाण्यातून काढलेला वेगळा द्यायचे मी. पदरात धरून हिंडायचे. तू तापात असशील, काय दिसलं असेल कुणास ठाऊक. मदतीला माणसंही होती. पण त्यांना घाई. वाडगाच्या वाडगा पाजायची आणि पोरं ओकायची. म्हटलं, कुणी हात लावू नका, मी एकटी फिरते. मी पोचेपर्यंत आधीचं पोटात बसायचं." त्यांनी पायांवरून हात फिरवला. "मी फिरतच होते. बसले म्हणून नाही. पाय सुजले होते माझे."

तो त्यांच्या पायांकडे पाहत राहिला. दाराजवळच्या खाटेवरून जी बाई दर वेळी पाठ फिरवून निघून जाताना त्याला दिसली होती, ती त्याच्याकडेच परत यायला निघालेली असायची.

ठकी बाईंच्या खाटेची कड धरून उभी होती. बाईंनी चाचपत तिचा दंड धरला, अंदाज घेतला. "रोड आहे. दुखण्यानंतर काय घालता हिला?"

"भाजलेलं पीठ. कोमट पाण्यात कालवून," सासूबाई म्हणाल्या.

"पीठ? छे. पिठानं पोट जड होतं. केळं कुस्करून द्यायचं."

"केळ्यानं कफ होतो. आमच्याकडे नाही देत."

"आमच्याकडे सगळ्यांना दिलंय, एकाला कफ झाला नाही."

"तुमची पोरं दणकट असतील."

"एवढीशी यायची हो, मुठीएवढी."

सासूबाईंनी पदर खोचला आणि खुर्ची पुढं ओढली. बायकोनं त्याच्या कानाशी लागून विचारलं, "सोडवायचं का?"

"नको," तो म्हणाला. "चालू दे." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, दोघींच्या पायांशी, एकही शब्द सुटू नये म्हणून कान देऊन.